वजन चाकांवर आल्यावर

टक्. मग जरा थांबून, टक् टक्.
विश्रामबागेत येतो,
मार्केट यार्डात हळदीच्या ट्रकांमागे रांगताना येतो,
मोठ्या खड्ड्यात मात्र गप्प.
लहान खड्ड्यांचा आवाज आहे हा,
कुरबुर म्हणावी असा.

गाडी सत्तावीस वर्षांची. लाल होती, आता विटेसारखी.
दोन दारं, दोन सीटा, फायबरचं अंग,
जमिनीला इतकी लागून
की स्पीडब्रेकर तिरका घ्यावा लागतो.
या वयात असल्या गाडीत बसते म्हणून
कॉलनी नावं ठेवते.
ठेवू दे.

युनूसभाई सतारमेकर, मिरज.
आजोबा भोपळे कोरायचे, वडील जवारी काढायचे,
हे शॉकअप काढतात.
हॉस्पिटलच्या भंगारातला एक स्टेथोस्कोप
पान्यांच्या पेटीत असतो,
चकती काढून नळीला सळई जोडलेला.

पहिल्या दिवशी शेजारी बसून फिरले. आवाज नाही.
दुसऱ्या दिवशी पार अंकलीच्या पुलापर्यंत. आवाज नाही.
"न्हाईच की ओ, म्याडम."
त्यांना उतरवून निघाले
आणि गॅरेजच्या गटारावरच: टक्.

मग लिंक रॉड बदलला. टक्.
स्ट्रटचं वरचं माउंटिंग पुण्याहून मागवलं. टक्.
बॉल जॉइंट पहारीनं हलवून पाहिला, घट्ट होता,
तरी माझ्या समाधानाला ग्रीस भरलं.
पोरगा, तौफिक,
डिकीत अर्धा आत अर्धा बाहेर पडून
मिरज-सांगली रस्ता ऐकत आला.
पुढच्या ट्रकची हळद उडून
भुवयांपर्यंत पिवळा झालेला, नवरदेवासारखा,
उतरला आणि म्हणाला:
मागं काय न्हाई. पुढनं येतंय, डावीकडनं.

आठव्या दिवशी युनूसभाई गाडीत बसलेच नाहीत.
"एकट्या चालवा. मी लूनावरनं कडंनं येतो."
मी माणसाच्या चालीनं,
ते डाव्या चाकाशी कान वाकवून.
टक्.
त्यांनी हात वर केला,
तार लागल्यावर त्यांच्या घरात करत असतील, तसा.

गाडी जॅकवर. खालचा आर्म उतरवला.
बुश अंगठ्यानं दाबला,
रबर शिळ्या पावासारखं कुस्करलं.
"हे आत्ताचं न्हाई. चार-पाच वर्सं झाली ह्याला जाऊन.
डावीकडं कोणतर वजनदार बसत असणार.
दबून होतं. सीट मोकळी झाली,
बोलाय लागलं."

भूपाल ब्याण्णव किलोंचा.
गाडी कधी शिकला नाही,
नुसते खड्डे मोजायचा, मोठ्यानं,
आणि सगळे माझ्या नावावर मांडायचा.
विजापूरला जाऊन येईतो एकशे चौदा.
त्यातले चाळीस तरी खोटे.

या गाडीचा बुश आता कुठेच मिळत नाही.
दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आणला,
कुपवाडच्या लेथवर त्याची बाही अर्धा मिलिमीटर उतरवली,
साबणाचं पाणी लावून दाबून बसवला.
बोल्ट सैलच ठेवला.
"हवेत लटकताना आवळायचं नसतंय.
रबर पीळ खातंय, महिन्यात फाटतंय.
वजन चाकांवर आल्यावर शेवटचा आटा."

गाडी खाली आली.
ते पिटात उतरले, पाना लावला,
आणि वर न बघता विचारलं:
"डावी सीट भरल्याली धरू का रिकामी?"

बाहेर कुणीतरी टायर आपटत होतं.
तौफिक चहाचे ग्लास घेऊन आला,
कुणीच घेईना म्हणून तसाच उभा राहिला.
"रिकामी," मी म्हणाले.
पाना दोनदा करकरला.

परत येताना सगळा रस्ता गप्प.
विश्रामबाग गप्प, यार्ड गप्प.
फक्त डावीकडे, लोंबत्या पट्ट्याचं बक्कल
दाराच्या खांबावर वाजत होतं,
किण्, किण्, अगदी बारीक.
पहिल्यापासून वाजत असेल.
हे मी युनूसभाईंना सांगितलेलं नाही.